अनडू नसलेला काप: घरी विमान बनवताना सगळ्यात जास्त घाम कुठे फुटतो?

घरी विमान बनवता येतं, हे महाराष्ट्रात बऱ्याच जणांना कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे कळलं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते सुटं करून क्रेननं खाली उतरवावं लागलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी या नावानं. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची चाचणी उड्डाणं झाली.

बातम्यांमध्ये गच्ची, क्रेन आणि परवानगीसाठीची धावपळ आली. कामातली खरी भीती मात्र कुठे असते, ते फारसं कुणी सांगत नाही. मी महाडला राहतो, पोटापाण्याला शीट मेटलचं काम करतो. विमान मी बनवलेलं नाही. पण परदेशातले हौशी लोक ते कसं बनवतात हे मी बरीच वर्षं वाचतोय, आणि पत्रा कापणाऱ्या माणसाला त्यातली एक गोष्ट पटकन कळते: मोठा काप.

मोठा काप म्हणजे काय?

अमेरिकेतली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी १९७३ पासून विमानाचे सुटे भाग, म्हणजे किट विकते. तुम्ही ते घरी जोडायचे. या कंपनीची ११,००० पेक्षा जास्त विमानं आजवर उडाली आहेत. त्यातल्या आरव्ही-७ सारख्या दोन आसनी मॉडेलमध्ये पायलटच्या डोक्यावर एक पारदर्शक घुमट असतो, त्याला कॅनॉपी म्हणतात. आपण सोयीसाठी काच म्हणू, पण ते असतं अॅक्रिलिक. दुकानांच्या चमकणाऱ्या पाट्या ज्याच्या बनतात, तेच.

हा घुमट एकसंध येतो, आणि मुद्दाम गरजेपेक्षा मोठा. तो तुमच्या सांगाड्यावर बसेल असा तुम्हीच कापायचा, कारण हातानं जोडलेले दोन सांगाडे कधीच अगदी सारखे नसतात. आधी कडा थोड्या थोड्या छाटायच्या, घुमट ठेवून बघायचा, उचलायचा, पुन्हा छाटायचं. असं वीस-पंचवीस वेळा. आणि मग सरकत्या कॅनॉपीच्या मॉडेलमध्ये एक दिवस असा येतो की नीट बसलेला हा घुमट मधून आडवा कापून दोन करायचा. पुढचा भाग विंडस्क्रीन म्हणून पक्का बसतो, मागचा सरकतो.

हा काप चुकला तर जोडता येत नाही. डिंक नाही, वेल्डिंग नाही. नवा घुमट मागवायचा, म्हणजे मोठी रक्कम आणि एवढी मोठी खोकी समुद्रापलीकडून यायची वाट बघणं. लोक आठवडाभर त्या रेषेकडे नुसते बघत बसतात, यात मला काही नवल वाटत नाही.

रेषेवर कापायचं नाही

आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात ते व्यापाऱ्याबद्दल. इथे ते वेगळ्या अर्थानं लागू पडतं. चाकाची स्वतःची जाडी असते. रेषेच्या मधोमध कापलंत तर दोन्ही तुकड्यांतून थोडं थोडं जातं. म्हणून आधी ठरवायचं की जाणारा माल कोणत्या बाजूचा, आणि रेषेपासून दोन-तीन मिमी लांबून कापायचं. उरलेलं घासून संपवायचं. पोलादपूरच्या एखाद्या जुन्या सुताराला विचारा, दार बसवताना तो रंध्यासाठी वाव ठेवतोच. तंत्र तेच आहे, फक्त लाकूड थोडंफार माफ करतं.

अॅक्रिलिक माफ करत नाही. दातेरी करवत त्याला ओढते आणि झटका बसतो, म्हणून पातळ घासणारं चाक वापरतात. कापताना चीर जसजशी पुढे सरकते तसतशी मागे टेप लावत जायची. नाहीतर शेवटच्या दोन इंचांत तुकडा स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो आणि तडा जातो. बहुतेक अपघात याच शेवटच्या दोन इंचांत होतात असं वाचून मला आमच्या धंद्यातलं आठवलं: पत्राही सुटताना शेवटीच वाकतो.

भोकं पाडतानाही धातूचं साधं ड्रिल बिट चालत नाही. दुसऱ्या बाजूनं बाहेर पडताना ते अॅक्रिलिकला पकडतं आणि चकला उडवतं. वेगळ्या धारेचं बिट घ्यायचं, खाली लाकूड ठेवायचं.

थंडी का नको?

अॅक्रिलिक गार असलं की जास्त ठिसूळ होतं. म्हणून थंड देशांतले लोक खोलीत हीटर लावून, घुमट कोमट झाला की मगच कापतात. आपल्याकडे पोलादपुरात जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो आणि मे महिन्यात महाडला दुपारी बाहेर पडवत नाही. इथे कुणी हे काम काढलंच तर मे महिना निवडावा.

पण तापमानाची गोष्ट कापण्यापुरतीच नाही. अॅक्रिलिक गरमीनं अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट फुगतं. हिशेब करून बघा. दीड मीटर लांबीचं अॅक्रिलिक १५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर सुमारे अडीच मिमी वाढतं. त्याखालचा अॅल्युमिनियमचा सांगाडा एक मिमीपेक्षाही कमी. मधला दीड-पावणेदोन मिमी जाणार कुठे? म्हणून अॅक्रिलिकमधली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात. भोक घट्ट बसवलं तर त्या दिवशी काम सुबक दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात तडा जातो.

खरा धोका कापात नाही, कडेत आहे

फोनची स्क्रीन बऱ्याचदा कडेपासून तडकते, हे तुम्ही पाहिलं असेल. कडेला आधीच बारीक खाच असते, ताण तिथे गोळा होतो. तुमच्या टेम्पर्ड ग्लासमध्ये कॅमेऱ्याचं भोक काच कडक करण्याच्या आधीच पाडलेलं असतं. नंतर पाडायला गेलात तर सगळी काच फुटते.

विमानात हेच जिवावर बेतू शकतं. जानेवारी १९५४ मध्ये इटलीजवळच्या एल्बा बेटाजवळ ब्रिटिशांचं कॉमेट हे जेट प्रवासी विमान हवेतच फुटलं. समुद्रातून अवशेष काढून तपासले तेव्हा छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्याशी, एका भोकाजवळ तड्याची सुरुवात सापडली. दर उड्डाणात केबिनमधल्या हवेच्या दाबानं तो थोडा थोडा वाढत गेला होता.

म्हणून घुमट कापून झाल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरनं घासत बसतात. काप दहा मिनिटांचा असला तरी कडेला कित्येक तास जातात, आणि मला विचाराल तर तेच तास जास्त महत्त्वाचे आहेत. कडेला चाकाचा एकही आडवा ओरखडा राहता कामा नये. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन जवळपासही नको. ताणाखालच्या अॅक्रिलिकवर ते लागलं की जाळीसारखे बारीक तडे उमटतात. आणि तडा गेलाच, तर त्याच्या टोकाला एक छोटं गोल भोक पाडतात. टोकदार जागा गोल झाली की ताण पसरतो आणि तडा तिथे थांबू शकतो.

पत्र्याला दुसरी संधी असते, कधीकधी

अॅल्युमिनियमच्या पत्र्यात नियम असा की रिव्हेटच्या भोकाचं केंद्र कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवं. ३.२ मिमीचा रिव्हेट असेल तर निदान ६.४ मिमी. भोक वेडंवाकडं झालं तर एक नंबर मोठा रिव्हेट टाकता येतो. पण मोठ्या रिव्हेटला कडेपासून अंतरही जास्त लागतं, म्हणजे आधीच कडेला चिकटून भोक पाडलं असेल तर ही सुटका बंद. पंखाचा मुख्य कणा, ज्याला स्पार म्हणतात, त्याच्यावर तर असला प्रयोग कुणी करू नये. आणखी एक छोटी गोष्ट: पत्र्यावर टोकदार सुईनं रेषा ओढायची नाही, पेन्सिलनंही नाही. सुईची रेषा ही स्वतःच खाच असते, आणि पेन्सिलचं ग्राफाइट अॅल्युमिनियमला गंजवतं. बारीक मार्कर वापरायचा.

तुम्ही म्हणाल, आता सगळी भोकं मशीन पाडून देतं, मग एवढी काळजी कशाला? २०२३ मध्ये व्हॅन्सनं पाठवलेल्या काही भागांची भोकं लेझरनं कापलेली होती. लेझरचा किरण गोल पूर्ण करून जिथे थांबतो तिथे बारीक खाच राहते. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून लोक भोकाभोवती खळगा दाबायचे, तेव्हा काही भोकांना त्याच खाचेतून तडे गेले. कंपनीला असे भाग बदलून द्यायला लागले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिनं दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर विमान लागत नाही. पाट्या बनवणाऱ्याकडे अॅक्रिलिकच्या उरलेल्या पट्ट्या मिळतात, महाडच्या बाजारात मीही तिथूनच आणतो. सारख्या दोन पट्ट्या घ्या. एकीची कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, दुसरीच्या कडेला मधोमध हॅक्सॉनं एक मिमीची खाच पाडा. दोन्ही हळूहळू वाकवा, खाचेची कड वाकाच्या बाहेरच्या अंगाला ठेवून. खाचेची पट्टी लवकर आणि बरोबर खाचेतूनच तुटेल. डोळ्यांवर गॉगल लावा आणि हातात जाड मोजे घाला, तुटताना तुकडा उडतो.