मेडिकलच्या फॉर्मवरचा एक जुना प्रश्न

मंडळी, आज राजापेठेत आम्ही जो विषय घेतो आहोत तो इथल्या कितीतरी घरांत दार लावून बोलला जातो. मुलगा किंवा मुलगी परदेशात कायमची राहायला निघाली की व्हिसाआधी वैद्यकीय तपासणी होते. तिथे एक प्रश्न असतो: मनाच्या आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? कॉलेजात असताना नैराश्यासाठी वर्षभर गोळ्या घेतलेल्या असतात. घरातलं कोणी जाणतं माणूस म्हणतं, "नाही लिहून टाक, झंझट नको." हा सल्ला आला कुठून, ते आधी पाहू.

अमेरिकेने ऑगस्ट १८८२ मध्ये कायदा करून वेड्या आणि मतिमंद समजल्या गेलेल्या माणसांना प्रवेश नाकारला. आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या त्या जून १८८३ मध्ये, म्हणजे तो कायदा तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. १८९१ पासून बंदरावर वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. पुढे एलिस बेटावर डॉक्टर रांगेतल्या माणसाकडे क्षणभर बघत आणि मनाच्या आजाराची शंका आली की कोटावर खडूने 'एक्स' काढत. विचार करा, बोटीतून नुकता उतरलेला, भाषा न समजणारा, घाबरलेला माणूस. तो भांबावलेला दिसणार नाही तर काय?

खरी मेख पुढे आहे. १९०३ च्या कायद्यात दोन अटी होत्या: मागच्या पाच वर्षांत वेड लागलेलं नसावं, आणि आयुष्यात वेडाचे दोन झटके आलेले नसावेत. १९१७ मध्ये दोनाचा एक झाला. आयुष्यात कधीही एक झटका आला असेल, तर दार बंद. आणि त्याच १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांनाही बंदी केली. तेव्हा आपण आणि मनोरुग्ण एकाच कलमबहाद्दराच्या यादीत होतो!

आम्ही आयुष्यभर वर्गात गुण आणि अवस्था यांतला फरक शिकवला. ताप येऊन गेला म्हणून माणूस तापट होत नाही. त्या कायद्याने मात्र येऊन गेलेल्या अवस्थेचा कायमचा गुण करून टाकला.

१९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा मिळाल्या, आणि १९६५ च्या कायद्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने जाऊ लागले. पण 'एक झटका'वालं कलम तसंच होतं, ते थेट १९९० पर्यंत. काही जवळच्या नातेवाइकांना सूट मागता येई, एवढंच. म्हणजे ज्या पिढीने पहिल्यांदा तिकडे संसार मांडले, तिची भीती खोटी नव्हती. आमच्या मते 'नाही लिहून टाक' हा सल्ला त्याच काळाचं देणं आहे. कायदा बदलून तीस-पस्तीस वर्षं झाली, सल्ला तोच राहिला.

आज अमेरिकेच्या तपासणीत नुसत्या आजाराच्या नावावरून कोणाला अडवत नाहीत. आजारासोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं आहे का, किंवा पूर्वी होतं आणि पुन्हा होण्याची शक्यता आहे का, हे पाहतात. औषधाने बरं वाटतंय, काम-शिक्षण चालू आहे, एवढ्याने व्हिसा जात नाही. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर जास्त चौकशी होते, मानसोपचारतज्ज्ञाचा वेगळा अहवाल मागू शकतात, वेळ लागतो. पण लपवलेलं उघड झालं, तर तो व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा ठपका. तो जन्मभर आड येऊ शकतो. कॅनडाचं गणित वेगळं आहे. तिथे उपचारांचा सरकारी खर्च किती येईल हेही बघतात. २०१८ मध्ये ती मर्यादा तिप्पट केली, शिवाय पती-पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांना त्यातून सूट आहे.

आता आपल्याकडची अडचण. लग्न जमवताना कोणाला दिसू नये म्हणून फाईलच जाळून टाकलेली असते. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण तिथला कागद घरात ठेवायला आजही लोक धजत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क दिला आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात लिहिलं आहे. ते कलम भारतापुरतं, दूतावासाला बांधील नाही. कागद मागायला मात्र ते उपयोगी पडतं.

डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यावं: निदान काय, उपचार कधीपासून कधीपर्यंत, औषधं आणि त्यांचं प्रमाण, दाखल केलं होतं का, इजेचा प्रकार घडला होता का, आणि आजची स्थिती. तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, तेव्हा हे पत्र घेऊनच मुंबईची गाडी धरावी. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: 'रिपोर्ट साफ यावा' म्हणून महिनाभर आधी गोळ्या बंद करू नका. त्यानेच आजार उलटतो, नेमका तपासणीच्या दिवसांत. जुने डॉक्टर आता नसतील, तर सध्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून नव्याने तपासून घ्या आणि त्यांना जुनी वर्षं आठवतील तशी, पण खरी सांगा.