ताटातील मांस आणि दाढेतील तंबाखू

हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर तिखट मिरचीसाठी नावाजलेले आहे आणि तेथून काही कोसांवरचे निपाणी तंबाखूसाठी. संकेश्वरी मिरचीचा तांबडा रस्सा आणि त्यातील मटण हा या मुलखातील पाहुणचाराचा मान होय. आणि जेवण उरकल्यावर चंचीतून निघणारी चिमूटभर तंबाखू हा तितकाच रुळलेला रिवाज. यांपैकी पहिल्या पदार्थाविषयी गेल्या काही वर्षांत सुशिक्षित घरांतून एक शंका बोलून दाखविली जाऊ लागली आहे. लाल मांस खाल्ल्याने कर्करोग होतो, हे खरे काय? या शंकेला निमित्त झाले ते इ. स. २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समधील लिओं येथून प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयाचे. त्या निर्णयाने मांसाचे काही प्रकार तंबाखूच्या पंक्तीला बसविले, अशी वार्ता जगभर पसरली. मटण सोडावे की काय, ही चर्चा दाढेत तंबाखूचा बार धरून करणारे गृहस्थ या भागात विरळा नाहीत. म्हणूनच या शंकेचा इतिहास नीट पाहणे अगत्याचे आहे.

मांसाविषयीचा संशय तसा फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्बुद’ या व्याधीचे वर्णन आले असून, त्यातील मांसार्बुद हा प्रकार मांसाहाराची अतिशय आवड असणाऱ्याला होतो, असे तेथे म्हटले आहे. मुठीचा आघात हेही एक कारण सुश्रुताने सांगितले आहे. सुश्रुताचे अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. तथापि आहार आणि गाठ यांचा काही संबंध असावा, हा विचार या भूमीला परका नव्हता, एवढे निश्चित. उणीव होती ती प्रमाणाची. असा रोग किती मांसाहारी माणसांना झाला आणि मांस न खाणाऱ्या किती जणांना झाला, हे मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

तंबाखूचा प्रवेश त्यानंतर कितीतरी शतकांनी झाला. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून आदिलशाहीत पोहोचली. आजचा बेळगाव-संकेश्वरचा प्रदेश त्या वेळी विजापूरच्याच अमलाखाली होता. अकबराचा वकील असद बेग हा सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास आला असता त्याला तेथे तंबाखू आढळली. ती अपूर्वाईची वस्तू म्हणून त्याने बादशहाला नजर केली. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, ही गोष्ट असद बेगाने स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्या पदार्थाचे गुणदोष कोणी पारखलेले नाहीत तो बादशहाने सेवन करू नये, असा त्या हकिमाच्या म्हणण्याचा आशय होता. हकिमाचा सावधपणा रास्त होता; परंतु पारख करण्याची रीत अद्याप जन्माला यावयाची होती.

ती रीत हळूहळू घडत गेली. इ. स. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वाट्याला पुढे एक विशिष्ट कर्करोग येतो, हे दाखवून दिले. रोगाचा संबंध दैवाशी न जोडता काजळीशी जोडण्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानतात. आपल्याकडे हा मार्ग पुढे नेणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. इ. स. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा खानोलकरांच्या हाती आली. रुग्णाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस काय नेसतो, काय चघळतो, कसा जगतो, याचीही त्यांनी चौकशी केली. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतरामुळे त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी व डॉ. सूर्याबाई यांनी इ. स. १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इ. स. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी तोंड, घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या सवयी इतरांच्या सवयींशी ताडून पाहिल्या. तंबाखू ओढणे आणि चघळणे या दोन्ही सवयींचा त्या रोगाशी असलेला संबंध त्यांच्या आकड्यांतून उघड झाला. रोगी आणि निरोगी यांना शेजारी बसवून दोघांनाही तेच प्रश्न विचारावयाचे, हीच ती नवी पारख होय.

इ. स. १९६३ मध्ये मुंबई शहरात भारतातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने हे काम अंगावर घेतले. एकाच नगरीत, एकाच हवेत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोग निरनिराळे रूप घेतो, असे या नोंदींतून दिसून आले. तंबाखूपासून बव्हंशी दूर राहिलेल्या पारशी समाजात तोंडाचा व घशाचा कर्करोग थोडा, पण स्तनाचा कर्करोग इतरांहून अधिक. तेव्हा ‘अमका खातो म्हणून रोगी, तमका खात नाही म्हणून निरोगी’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. प्रत्येक अवयवाच्या कर्करोगाची कुळी वेगळी असते आणि तिचा शोधही वेगळाच घ्यावा लागतो. पुढे इ. स. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठीही अशी नोंदणी सुरू झाली.

मांसाच्या बाबतीत संशयाचा रोख आला तो मोठ्या आतड्यावर. जपानातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांमध्ये जठराचा कर्करोग घटत जातो आणि मोठ्या आतड्याचा वाढत जातो, असे हेन्झेल व कुरिहारा यांनी इ. स. १९६८ मध्ये दाखविले. रक्त तेच, देश बदलला आणि रोगही बदलला; तेव्हा राहणीत व आहारात काही कारण दडलेले असले पाहिजे. इ. स. १९७५ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डॉल यांनी अनेक देशांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा जेथे दरडोई मांस अधिक खाल्ले जाते तेथे मोठ्या आतड्याचा कर्करोगही अधिक, असे आढळले. परंतु ज्या देशात मांस अधिक त्या देशात मोटारी, साखर आणि बैठे कामही अधिक असते. दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढ्यावरून एक दुसरीला जन्म देते, असे सिद्ध होत नाही.

म्हणून संशोधक व्यक्तींकडे वळले. अमेरिकेतील ८८,७५१ परिचारिकांचा आहार लिहून घेऊन त्यांच्या प्रकृतीवर सहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. इ. स. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मुख्य अन्न म्हणून गाय, डुक्कर वा मेंढी यांचे मांस रोज खाणाऱ्यांना, महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांच्या मानाने, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे अडीच पट होता. पुढे युरोपातील दहा देशांत ४,७८,०४० लोकांची पाहणी झाली. तिचा इ. स. २००५ चा निष्कर्ष सौम्य होता. रोज १६० ग्रॅमहून अधिक लाल व प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत, २० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांपेक्षा, धोका सुमारे पस्तीस टक्के अधिक दिसला. पाहणीचा पसारा वाढला तसा आकडा खाली आला. तरी तो नाहीसा झाला नाही.

ही सर्व सामग्री घेऊन दहा देशांतील बावीस तज्ज्ञ इ. स. २०१५ मध्ये लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत बसले. आठशेहून अधिक पाहण्या त्यांनी विचारात घेतल्या. मीठ लावून, आंबवून, धुरी देऊन वा अन्य रीतीने टिकविलेले मांस त्यांनी पहिल्या वर्गात, म्हणजे ज्यापासून माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे अशा पदार्थांच्या वर्गात घातले. हॅम, बेकन, सॉसेज हे या जातीचे पदार्थ. आपल्या परिसरातील उदाहरण द्यावयाचे तर गोव्याकडील चोरिस. ताजे लाल मांस मात्र त्याखालच्या ‘बहुधा कारणीभूत’ या वर्गात गेले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाल मांस म्हणजे केवळ गोमांस किंवा डुकराचे मांस नव्हे. बकऱ्याचे मटणही त्यातच मोडते. कोंबडी व मासळी त्यात येत नाहीत.

मांसात असे काय असते? रक्ताला लाली देणारे लोहयुक्त द्रव्य आतड्यात काही अपायकारक संयुगे निर्माण होण्यास मदत करते. मांस टिकविण्यासाठी घातलेल्या नायट्राइटमुळे त्यांत भर पडते. शिवाय मांस निखाऱ्यावर करपवले वा कडक तळले, तर आणखी काही घातक द्रव्ये तयार होतात. जपानचे संशोधक सुगिमुरा यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात भाजलेल्या मासळीच्या धुरात व करपलेल्या भागात ती शोधून काढली होती. पाण्यात मंदपणे शिजणाऱ्या रश्श्यात ही करपण्याची द्रव्ये फारच थोडी उत्पन्न होतात. येथे संकेश्वरच्या गृहिणीचे पातेले शेगडीवरील करपलेल्या मांसापेक्षा उजवे ठरते.

मग मांस आणि तंबाखू एका पंक्तीला बसले, त्याचा अर्थ काय? वर्ग सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा. धोका किती मोठा, हे वर्ग सांगत नाही. न्यायालयात चोरी सिद्ध झाली आणि खूनही सिद्ध झाला, तर दोन्ही आरोपी दोषी ठरतात, पण त्यांचा अपराध सारखा ठरत नाही. सूर्याचे ऊनही याच पहिल्या वर्गात आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ताज्या लाल मांसाचा दोष पूर्णपणे सिद्ध झाल्यास, रोजच्या १०० ग्रॅममागे ही वाढ सुमारे १७ टक्के ठरेल. समजा, एखाद्या समाजात हजारांत दहा जणांना हा रोग होत असेल, तर अठरा टक्के वाढीने ते दहाचे जेमतेम बारा होतील. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ठेवलेल्या अंदाजानुसार प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिरेकामुळे जगात दरवर्षी सुमारे ३४,००० माणसे कर्करोगाने दगावतात. तंबाखूमुळे कर्करोगाने दगावणाऱ्यांची संख्या सुमारे दहा लाख.

या निर्णयालाही आव्हान मिळाले. इ. स. २०१९ मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने हा पुरावा दुबळा असल्याचे सांगून, लोकांनी मांसाहार आहे तसाच चालू ठेवण्यास हरकत नाही, असे मत दिले. त्यावर मोठा वाद माजला. तंबाखूविषयी मात्र असा वाद वैद्यकात आता उरलेला नाही.

संकेश्वर-निपाणीच्या माणसाने आपला हिशेब या उजेडात मांडावयास हवा. येथील बहुसंख्य घरांत मटण शिजते ते सणासुदीला, जत्रेला वा पाहुणा आल्यावर. श्रावण पाळणाऱ्यांची आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट तर निराळीच. रोज शंभर ग्रॅम मांस, ही पाश्चात्त्य ताटाची मोजणी आहे. तंबाखूचे तसे नाही. मळलेला बार दिवसातून अनेकदा दाढेत जातो, आणि बायकांची मिसरी पहाटेपासून सुरू होते. भारतीय पुरुषांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. तो शाकाहारी घरालाही वगळत नाही. सुपारी स्वतःही कर्करोगकारक असल्याचा निर्णय त्याच लिओंच्या संस्थेने इ. स. २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गुटख्यावर महाराष्ट्राने इ. स. २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने इ. स. २०१३ मध्ये बंदी घातली. चंची आणि मिसरी यांना मात्र कायद्याचा हात पोहोचला नाही.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती दुःखाची आहे. निपाणीच्या वखारींतून तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांच्या कष्टावर कितीक चुली पेटल्या. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून इ. स. १९८१ मध्ये शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसले, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांच्यापैकी काहींना प्राण गमवावे लागले. ज्या पिकाने घर चालविले त्याला अपायकारक म्हणणे जिवावर येते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मटणावर संशय घेण्यास काही खर्च पडत नाही. तंबाखूवर घ्यावयाचा तर पोटापाण्याचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा या पिकाला दुसरा पर्याय शोधण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.

सारांश, लाल मांसाविषयीची शंका निराधार नाही. ज्यांच्या ताटात ते रोज असते त्यांनी प्रमाण आवरावे, टिकविलेले मांस क्वचितच खावे, करपवणे टाळावे आणि सोबत भाजीपाला व कडधान्ये ठेवावीत. परंतु जो मटणाची वाटी दूर सारतो आणि चंची जवळ ओढतो, त्याने लहान धोका सोडून मोठा पत्करलेला असतो. तोंडात पांढरा वा तांबडा चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर त्याने विनाविलंब वैद्याकडे जावे. वेळीच ओळखलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.