पक्षाघातावरील दुधारी औषध

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यांत १९४२ च्या ऑगस्टपासून जे राष्ट्रीय पुढारी बंदिवासांत होते, त्यांपैकीं तिघांना पुढें एकाच व्याधीनें गांठलें. मौलाना आझाद पक्षाघातानें २२ फेब्रुवारी १९५८ रोजीं निवर्तले. गोविंद वल्लभ पंत त्याच आघातानंतर ७ मार्च १९६१ रोजीं वारले. आणि पंडित नेहरूंना १९६४ च्या जानेवारींत भुवनेश्वर येथें त्याचा सौम्य झटका आला. मेंदूंतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचा खात्रीचा उपाय त्या वेळीं कोणत्याच डॉक्टरच्या हातीं नव्हता.

तशा औषधाची कल्पना मात्र अज्ञात नव्हती. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंपासून निघणारें द्रव्य गुठळी वितळवितें, हें अमेरिकेंत टिलेट यांनीं १९३३ सालींच दाखविलें होतें. आझाद निवर्तले त्याच वर्षीं अशा जातीचें औषध पक्षाघाताच्या कांहीं रोग्यांस दिल्याचा वृत्तांत तेथें प्रसिद्ध झाला. पुढील प्रयोगांत मात्र मेंदूंत रक्तस्राव होऊन मृत्यू वाढले आणि तो मार्ग मागें पडला. एक कारण उघड होतें. धमनी बुजली कीं फुटली, हें सहज दाखविणारें सीटी स्कॅन यंत्र १९७१ पर्यंत नव्हतें. आणि फुटलेल्या धमनीस हें औषध देणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय.

१९९५ सालीं ६२४ रोग्यांवरील अमेरिकन प्रयोगानें वाट मोकळी केली. आल्टेप्लेज हें औषध तीन तासांच्या आंत दिल्यास अपंगत्वांतून सुटणारांची संख्या वाढते, असें ठरलें; पुढें ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. तथापि प्रकृति बिघडविणारा मेंदूंतील रक्तस्राव औषध घेतलेल्यांत शेंकडा ६.४, तर न घेतलेल्यांत अवघा ०.६ आढळला.

दुसरा दुष्परिणाम विरळा, पण विलक्षण आहे. कांहीं रोग्यांचे ओठ व जीभ सुजते, आणि तीहि बहुधा लुळ्या पडलेल्या बाजूलाच! गुठळी विरघळतांना रक्तांत ब्रॅडिकायनिन नांवाचें द्रव्य सुटतें. त्यामुळें सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी पाझरतें. रक्तदाबासाठीं 'एस इन्हिबिटर' जातीच्या गोळ्या घेणारांत तें द्रव्य लवकर नष्ट होत नाहीं, म्हणून त्यांना धोका अधिक. नवल असें कीं, ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ सालीं ब्राझीलमध्यें जराराका सर्पाच्या विषावरून लागला, आणि या गोळ्यांचें मूळहि त्याच विषाच्या अभ्यासांत आहे. सूज बहुधा आपोआप उतरते. क्वचित् मात्र ती श्वास कोंडते.

म्हणून रोग्यास रुग्णालयांत नेतांना आप्तांनीं दोन गोष्टी प्रथम सांगाव्या : आघात कोणत्या घटकेस झाला, आणि रोगी कोणत्या गोळ्या घेतो. त्या तीन बंदिवानांच्या काळीं या माहितीनें उपचार बदलला नसता. आज तिच्यावर प्राण अवलंबून असतो.