धरण उशाला, कोरड घशाला: मुंबईला पाणी देणाऱ्या शहापुरात विहिरी का आटतात?

मिस्टरबीस्टचा तो व्हिडिओ तुम्ही बहुतेक पाहिला असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये या अमेरिकन युट्यूबरने केनिया, कॅमेरून, सोमालिया, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत मिळून १०० विहिरी बांधल्याचं दाखवलं होतं. बोअर मारली, पाण्याचा फवारा उडाला, मुलं नाचली. कमेंटमध्ये जगभरातून टाळ्या आणि सोबत एक प्रश्नही: जे काम सरकारने करायचं, ते एका युट्यूबरला का करावं लागतं?

असाच प्रश्न विचारायला आपल्याला आफ्रिकेत जायची गरज नाही. घाटकोपरला कसारा लोकल पकडा आणि आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरा. हा ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथल्याच धरणांतून येतं. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो.

तालुक्यात धरणं किती?

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव मुंबईतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. उरलेले पाच शहराबाहेर. त्यातलं तानसा १८९२ चं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनं. मोडक सागर १९५७ चं. मध्य वैतरणा २०१४ मध्ये सुरू झालं. भातसा सगळ्यांत मोठं, शहराच्या साठ्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत आणि वैतरणेची धरणंही याच डोंगराळ पट्ट्यात.

या भागाची गोष्ट जगाने एकदा पाहिली आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळ गावात काही पुरुषांनी पाणी भरायला बाई हवी म्हणून दुसरं-तिसरं लग्न केल्याची बातमी २०१५ मध्ये रॉयटर्सने दिली. 'वॉटर वाइव्ह्ज' या नावाने ती आजही अधूनमधून रीलमध्ये फिरते. लोक पाहतात ते लग्न. त्या बायकांच्या डोक्यावर हंडे का आहेत, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

इतका पाऊस पडतो, मग विहीर का आटते?

शहापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्याच्या तुलनेत ही चैनच. अडचण दगडाची आहे. सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांमध्ये. हा थर पातळ असतो, जमीन उताराची असते, आणि चार महिन्यांत कोसळलेला पाऊस ओढ्यांतून थेट खाली जातो. दिवाळीला काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळाला जाते. मग बायका विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात किंवा नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणतात.

म्हणजे 'विहीर खणून दिली' या वाक्याला इथे फार अर्थ नाही. विहीर कुठे खणली, किती खोल खणली आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी अडवून मुरवलं का, यावर ती मे महिन्यात जगणार की नाही ते ठरतं. त्यासाठी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायलाही बंधन घातलं. कारण सरळ आहे: कुणाच्या तरी शेतातली खोल बोअर गावाच्या विहिरीचं पाणी ओढून घेते.

धरणातून गावाला नळ का नाही?

कारण पाणी उताराकडे जातं आणि मुंबई खाली आहे. तानसा आणि वैतरणेचं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून बहुतांशी गुरुत्वाकर्षणानेच शहराकडे येतं. भातसाचं पाणी नदीत सोडतात, ते पुढे पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग शहरात आणतात. याउलट अनेक पाडे धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत. तिथे पाणी चढवायचं तर पंप लागतो, वीज लागते, दर महिन्याला बिल भरावं लागतं. पाडे विखुरलेले, दोन पाड्यांच्या मध्ये जंगल, जंगलातून पाइप न्यायचा तर वनखात्याची परवानगी. लहान ग्रामपंचायतीला वीजबिल झेपलं नाही की योजना बंद पडते आणि टाकी तेवढी उभी राहते.

पण ही झाली तांत्रिक बाजू. दुसरी बाजू हक्काची. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा ही महापालिकेची धरणं, शहराच्या पैशांतून शहरासाठी बांधलेली. पाण्याचं वाटप ठरलं तेव्हा काठावरच्या पाड्यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवलाय, असं झालं नाही. माझ्या मते खरी चूक इथे आहे. कातळ आणि चढ या अडचणी पैशाने सुटतात, हे शंभर किलोमीटरच्या आसपास लांबीच्या जलवाहिन्या टाकून शहराने स्वतःच दाखवून दिलंय.

आता शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. भावली घाटाच्या वर आहे, त्यामुळे इथे उतार गावांच्या बाजूने आहे. दुसरीकडे ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरवलं होतं. ती मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे.

पाणी आहे, पण स्वच्छ आहे का?

टँकर आला की बऱ्याच ठिकाणी तो सरळ गावच्या विहिरीत रिकामा करतात. मग एकाच वेळी पंचवीस-तीस पोहरे आत पडतात. प्रत्येकीची दोरी जमिनीवरून, शेणामातीतून आलेली. टँकरमधलं पाणी शुद्ध असलं तरी हंड्यात येईपर्यंत तसं राहत नाही.

विहिरीची रचना किती महत्त्वाची असते, हे समजायला नारूचं उदाहरण पुरेसं आहे. आजी-आजोबांना विचारा, पायातून दोऱ्यासारखी अळी बाहेर येणारा हा रोग त्यांना ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, रोग्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात उतरायच्या, आणि तेच पाणी गाव प्यायचं. पायऱ्या बुजवून कठडा बांधणं, पाणी गाळून पिणं आणि औषध टाकणं या साध्या उपायांनी नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. चाडसारख्या आफ्रिकी देशांत तो अजून पूर्ण संपलेला नाही.

आज गावात हे काम जलसुरक्षकाकडे असतं. तो विहिरीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहतो. पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका मोठा. तुमच्या गावचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे पंचायतीत विचारता येतं. फार कमी लोक विचारतात.

त्या व्हिडिओतल्या हापशांचं काय?

आफ्रिकेतल्या अनेक गावांत दिसणाऱ्या हापशाचं मूळ चक्क महाराष्ट्रात आहे. घरगुती वापराचे ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावाच्या वापराने मोडायचे. जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी आणि स्थानिक कारागिरांनी पोलादाचे दणकट पंप बनवले. त्यातल्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि पुढे जगभर गेला. युगांडात त्याच्याच एका रूपाला 'यू-टू' म्हणतात.

पंप दणकट झाला, तरी वॉशर झिजतोच. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कोणत्याही वेळी साधारण चारातला एक हापसा बंद असतो, असं पाहण्या सांगतात. त्यामुळे 'अमुक रुपयांत एक विहीर' अशी देणगीची पोस्ट समोर आली, मग ती केनियाची असो की मोखाड्याची, तर तीन गोष्टी विचारा: मे महिन्यात पाणी असतं का, पाण्याची तपासणी कोण करतं, आणि पंप बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुणाकडे आहेत?

आणि मुंबईतच पाणी नसलेल्यांचं?

जलवाहिनीच्या शेवटच्या टोकालाही सगळ्यांना नळ नाही. १९९५ नंतरच्या अनधिकृत झोपड्यांना पाणी देऊ नये, असं राज्य सरकारचं १९९६ चं परिपत्रक होतं. त्याविरोधात पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि अजय गडकरी यांच्या खंडपीठाने सांगितलं, की पिण्याचं पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेला धोरण आखायला सांगितलं गेलं, आणि २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आलं. त्यानुसार अर्ज वॉर्ड ऑफिसच्या जलखात्यात करायचा असतो. त्याच निकालात न्यायालयाने एक मुभाही दिली होती: या वस्त्यांना महापालिका पाणी जास्त दराने देऊ शकते.