पाळणाघरातील बाळ: अंगावरचे वळ ओळखा
२०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे उघड झाली. बाळ सांगू शकत नाही. म्हणून घरी आल्यावर कपडे बदलताना त्याचे अंग नीट पाहा.

चालत्या मुलाच्या गुडघ्यावर, नडगीवर खरचटतेच. पाठीवर, कुल्ल्यावर जन्मापासून असलेले निळसर डागही निरुपद्रवी असतात. मात्र न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही, किंवा लहान मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर नवा काळानिळा डाग दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळ सुस्त असेल, उलट्या किंवा झटके येत असतील, तर लगेच रुग्णालयात न्या. डोक्याला आतून इजा असू शकते.

मारहाणीची शंका आली तरी १०९८ वर कळवा. पुरावा गोळा करत थांबू नका.