धोंडसाची कुळकथा

भट्टी आणि केक हे शब्द कानी पडले की आपल्या मनासमोर साहेबाचा बंगला नाही तर इराण्याच्या हॉटेलातील काचेची बरणी उभी राहते, आणि भाजून केलेले गोड पक्वान्न ही परमुलखातून आलेली चैन होय, असा एक समज, कोणी मुद्दाम शिकवलेला नसताही, सुशिक्षित मराठी मनात ठाण मांडून बसलेला आढळतो. हा समज तपासून पाहण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. गणपतीपुळ्याला उत्तरेकडून लागूनच असलेल्या मालगुंडास गेले तरी पुरे. केशवसुतांचे, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचे, जन्मघर तेथे जतन केलेले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्या घरालगत उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. १८६६ साली कवी जन्मास आले त्या काळी तिथल्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात अंड्याला आणि आंबवणाच्या ताडीला मज्जाव होता. पण भाद्रपद सरता सरता याच किनाऱ्यावरच्या चुलींवर धोंडस होत असे, आणि धोंडस म्हणजे कोणत्याही कसोटीला उतरणारा, वरून-खालून धग देऊन भाजलेला, सुरीने कापून वाटण्याचा केकच होय.

धोंडस होते ते काकडीचे, पण ही काकडी कोशिंबिरीची नव्हे. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर चढवलेल्या वेलीला जे तवसे मुद्दाम पिकू दिलेले असते, ज्याची साल पिवळी-तांबूस होऊन तिच्यावर बारीक जाळी उमटते, ते धोंडसाचे तवसे. देठाला इजा न पोहोचवता ते उतरवून, सुंभाने बांधून वाशाला टांगले म्हणजे दिवाळी उलटून गेली तरी टिकते, आणि एखाद्या घरी अशी पाच-सात तवशी ओळीने लोंबताना दिसली की त्या घरी गोडाची बेगमी आहे, हे पाहुण्याला न सांगता कळते.

तवसे सोलून, बियांचा गर काढून किसतात. किसाला सुटलेले पाणी टाकीत नाहीत, कारण तांदळाच्या रव्याने शिजायचे ते त्याच पाण्यात. रवाही घरचाच: तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, जात्यावर जाडसर भरडलेला. तो थोड्या तुपावर गुलाबी परतून घेतात, मग काकडीचा कीस, तिचे पाणी, चिरलेला गूळ, ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा किंवा जायफळ घालून सैलसर गोळा होईपर्यंत ढवळतात. येथपर्यंतचे काम शिरा करणाऱ्या कोणालाही येईल. धोंडसाची परीक्षा पुढे आहे. जाड बुडाच्या पितळी लंगडीला तूप माखून तळाशी केळीचे पान घालतात, त्यावर मिश्रण ओतून सारखे करतात, चुलीतली लाकडे मागे ओढून खाली केवळ धग ठेवतात, आणि तोंडावर लोखंडी तवा झाकण म्हणून ठेवून त्याच्यावर करवंट्यांचे फुललेले निखारे पसरतात. निखाऱ्यांवर राख धरली की ती हलक्या हाताने झाडायची, ते मंदावले की दोन-चार नवे चढवायचे, पण झाकण उघडायचे नाही. गुळाचा आणि खोबऱ्याचा वास माजघर ओलांडून ओटीपर्यंत पोहोचला, की मग तवा उचलून काडी खोचून पाहायची. काडी कोरडी निघाली आणि कडा भांड्यापासून सुटलेल्या दिसल्या, म्हणजे झाले. कापलेल्या तुकड्याला वर आणि खाली गुळाचा तपकिरी पापुद्रा असतो, मध्ये ओलसर, किंचित कणीदार गाभा असतो, आणि वर लोण्याचा गोळा ठेवून तो खाल्ला तर जिभेला काकडी ओळखू येत नाही, मात्र तिचा गारवा राहतो.

या पदार्थात जे जिन्नस पडतात त्यांची वंशावळ पाहू गेले तर काकडी मूळची भारतातलीच, तांदूळ, नारळ आणि गूळ या भूमीच्या अंगवळणी केव्हाचे पडलेले; वर पेरले तर काजूचे तुकडे तेवढे परके, कारण काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. पण जिन्नसांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो झाकणावरचा विस्तव. चुलीचा जाळ खालून वर जातो. त्यावर उकळता येते, तळता येते, वाफवता येते, परंतु पदार्थाला चहूंकडून कोरडी धग देणे एकट्या चुलीला साधत नाही. पावाची भट्टी हे साधते ती आपल्या घुमटाच्या बळावर: लाकडाच्या जाळाने विटा तापतात, आणि जाळ बाहेर ओढून घेतला तरी साठवलेली उष्णता वरून खाली परत देत राहतात. एका कुटुंबासाठी असा घुमट बांधणे आणि तो तापवण्याइतके सरपण जाळणे कोणाला परवडणार? तेव्हा घरच्या बायकांनी झाकणालाच घुमट केले. ही तजवीज करणारी बुद्धी कोणा एका प्रांताची मिरास नव्हे. रोमच्या केटोने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात लिहिलेल्या कृषिग्रंथात लिबुम नावाचा नैवेद्याचा केक पानांवर ठेवून, मातीच्या झाकणाखाली, तापल्या चुलाण्यावर सावकाश भाजण्याची आज्ञा आहे. पान, झाकण आणि सबुरी ही तिन्ही अंगे धोंडसाचीच. आपल्या शेजारी पाहावे तर गोव्यातली तवसळी ही धोंडसाची सख्खी बहीण. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे श्रावणातले निनाव आणि पाठारे प्रभूंचे कोलंबी घातलेले भानोले हीही याच गोत्रातली, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतले बिबिंक तर एकेक थर ओतून, प्रत्येक थराला वरच्या निखाऱ्यांची आच देऊन, तासन्‌तास बसून रचलेले त्या कुळातले सर्वांत खर्चिक अपत्य.

या कुळाचा अतिप्राचीन दाखला मात्र स्वयंपाकघरात नसून यज्ञशाळेत आहे, आणि ज्या कोकणपट्टीत घरोघर वेदपठण चालत आले तिथल्या वाचकाला तो सांगताना मला विशेष आनंद होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास इष्टीत जो पुरोडाश अर्पण करावयाचा, त्याची कृती ब्राह्मणग्रंथांत आणि श्रौतसूत्रांत बारकाईने दिलेली आहे. तांदूळ किंवा जव उखळात कांडून, पाट्या-वरवंट्यावर वाटून, उष्णोदकाने मळून त्याला कासवाच्या पाठीचा आकार द्यावयाचा. गार्हपत्य अग्नीच्या निखाऱ्यांवर कपाले, म्हणजे खापराचे तुकडे, जुळवून मांडावयाचे, अग्नीच्या पुरोडाशाला आठ आणि पौर्णिमेच्या अग्नीषोमांच्या पुरोडाशाला अकरा. त्यावर तो पिंड ठेवावयाचा आणि वरून तप्त भस्माने झाकावयाचा. खाली निखारे, वर ऊन राख, मध्ये तांदळाचे पीठ. धोंडस थेट पुरोडाशापासून उतरले असा दावा मी करीत नाही, कारण एक मंत्रपूर्वक देवासाठी झाले आणि दुसरे गूळ-खोबरे घालून नातवंडांसाठी. पण खालीवर धग देऊन पीठ भाजण्याची क्रिया या देशात बाहेरून शिकावी लागली नाही, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते. आणि आणखी एक गोष्ट ठरते. अग्नीला आहुती दिल्यावर उरलेल्या आग्नेय पुरोडाशाचे चार भाग करून चार ऋत्विजांना देण्याचा विधी आहे, इडा नावाचा प्रसादभाग यजमानासह सर्वांनी मिळून खावयाचा आहे. भाजलेली वस्तू एकट्याने खाण्याची नव्हे, हा दंडक तिच्या जन्माबरोबरच लिहिला गेला.

असे असताना पाव आणि बिस्कीट यांचे नाव काढताच एकोणिसाव्या शतकातला समाज दचकला, याचे कारण भाजण्याची क्रिया नव्हती. भाजणारा हात होता. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांनी चालवलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, आणि ही गोष्ट इतकी जोखमीची होती की सभेचे कामकाज गुप्त ठेवावे लागे. १८६० साली सभासदांची यादी चोरीस जाऊन फुटली, तेव्हा सभाच मोडली. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. काहींनी ती घेतली, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरती हाती धरली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, आणि एका पेल्याचा नि बिस्किटाच्या तुकड्याचा निवाडा करण्यात पुण्याने महिनेच्या महिने खर्ची घातले. अखेर रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. मालगुंडच्या ज्या मुलाने याच पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षण घेतले, त्याने या ग्रामण्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ साली, ‘तुतारी’ ही कविता लिहिली, हे लक्षात ठेवले म्हणजे तिच्यातला आवेश कोणत्या भिंतींवर आदळत होता याचा अंदाज येतो. रोटीबंदीची ही भिंत रत्नागिरी जिल्ह्यात पाडण्याचे काम तर त्याहून पुष्कळ पुढचे; १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सात स्वदेशी बेड्यांत तिची गणना केली आणि सहभोजने घडवून आणली.

पण माझ्या मते या भिंतीला सर्वांत मोठे भगदाड पाडले ते व्याख्यानांनी नव्हे, नानकटाईने. सुरतेच्या डच वखारीतल्या भट्ट्या पारशी भटाऱ्यांच्या हाती आल्या आणि तेथे अंडे व ताडी वगळून ती प्रथम भाजली गेली, असे सुरतेत सांगतात. मुंबईत ती आली, आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून बोटीने कोकणच्या बंदरांत उतरली. मग ती घरी करण्याची हौस निर्माण झाली, आणि ओव्हन नव्हता म्हणून एक सुंदर वहिवाट पडली, जी कित्येकांच्या आठवणीत अजून ताजी असेल. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आधी घरातले सारे हात कामाला लागत. परातीत तूप घेऊन ते तळव्याने फेसावयाचे, ते पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडावा, तो तरंगला तर पिठीसाखर घालावी, मग मैदा, थोडा रवा, वेलदोड्याची पूड. मळलेले पीठ डब्यात भरून मुले बेकरीत घेऊन जात. सकाळचे पाव निघून भट्टीची पहिली प्रखर आच ओसरली, की त्या उतरत्या धगीत नानकटाई लावण्याचा भटाऱ्याचा रिवाज होता, कारण पावाच्या आचेत ती करपली असती. पत्र्यांवर गोळे मांडून, प्रत्येक पत्र्याला घरवार नावाची चिठ्ठी लावून, तो लांब दांड्याने ते आत सरकवी. हा भटारी बहुधा मुसलमान असे. ज्या घरांतल्या आजोबांनी बिस्किटापायी ग्रामण्य पाहिले होते, त्याच घरांतली नातवंडे त्याच्या हातचा गरम पत्रा हसत घेऊन येत, आणि आजीही त्यातला एक तुकडा बिनतक्रार तोंडात टाकीत असे. समाजसुधारणेच्या इतिहासग्रंथांत या पत्र्यांना जागा मिळालेली नाही. ती मिळावयास हवी.

धोंडस आणि नानकटाई यांच्यात जिन्नसांचे काहीएक नाते नसले तरी दोहोंचा निकाल घराबाहेरच लागतो. कोकणात कोणतेही पहिले फळ, पहिली भाजी, विशेष काही केलेले गोड, शेजारी वानोळा म्हणून धाडल्याशिवाय घरच्यांच्या घशाखाली उतरत नाही. आणि ज्या भांड्यातून ते जाते ते भांडे रिकामे परत येत नाही, काही नाही तर त्यात मूठभर तांदूळ, दोन कोकमे, परसातली चार फुले पडतातच. या रीतीने एका घरचे धोंडस दुसऱ्या घरचे लोणचे घेऊन येते, आणि हा हिशेब कोणत्याही वहीत न मांडता पिढ्यानुपिढ्या चुकता होत राहतो. मुंबईहून मुलीने आणलेला केकचा खोका मालगुंडात उघडला तरी त्याची वाटणी याच नियमाने होते.

आज चुली विझल्या, करवंट्यांचे निखारे दुर्मीळ झाले, आणि तरुण गृहिणींना धोंडस अवघड वाटू लागले आहे, याची मला खंत आहे. कारण ते अवघड नाही. पिकलेले तवसे मिळेल तेथून मिळवावे, वर सांगितल्याप्रमाणे मिश्रण शिजवावे, आणि ओव्हन असेल तर तुपाचा हात फिरवलेल्या भांड्यात १८० अंशांवर पाऊण तास भाजावे. नसेल तर जाड तव्यावर पातेले ठेवून मंद गॅसवर, झाकणावर दुसरा तापवलेला तवा पालथा घालून, तो निवाला की पुन्हा तापवून ठेवीत जावे. पूर्ण निवल्याखेरीज कापू नये, नाही तर तुकडे मोडतात. आणि कापल्यावर पहिल्या चार वड्या शेजाऱ्यांच्या घरी पाठवाव्यात.