मोर्सेलमाँची कुळकथा

मॉरिशसमध्ये पत्ता सांगताना लोक सहज ‘मोर्सेलमाँ अमुक’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडची एन. ए. प्लॉट पाडलेली वसाहत. मळा तोडून विकायच्या या रीतीमागे कर्ज होतं, तसंच गोऱ्या मळेवाल्यांच्या घरातलं भाऊबंदकीचं लचांडही होतं.

नेपोलियनचा दिवाणी कायदा या बेटावर 1808 मध्ये लागू झाला. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या करारात रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती राखण्याचं वचन दिलं. त्यामुळे इंग्लंडात इस्टेट थोरल्याकडे जात असताना इंग्रजांच्याच या वसाहतीत फ्रेंच मळेवाल्याच्या सगळ्या मुलामुलींना सारखा हिस्सा मिळे. मृत्युपत्रानंही बापाची सुटका नव्हती. तीन किंवा जास्त मुलं असली, तर त्याच्या मर्जीची फक्त चौथाई. आणि कलम 815 नुसार एकत्र राहायची सक्ती कुणावरच नाही. एकानं ‘माझं वेगळं काढा’ म्हटलं, की संपलं!

जमीन मोजून वाटता येते, साखर कारखाना कसा वाटणार? चरक एकाला आणि धुराडं दुसऱ्याला? मग लिलाव. कारखाना वारसांपैकीच कुणी घेतला, तरी भावंडांचे पैसे चुकवायला कर्ज काढावं लागे, आणि पुढच्या पिढीत पुन्हा तेच. साखरेला भाव होता तोवर हे निभलं. मग 1866-67 मध्ये मलेरियाची साथ आली, युरोपातल्या बिटाच्या साखरेनं भाव पाडले, 1892 मध्ये चक्रीवादळानं उरलंसुरलं झोडपलं.

1870 च्या दशकाअखेरीपासून मळेवाल्यांनी कडेच्या, हलक्या जमिनी तोडून विकायला काढल्या. याआधी, 1839 पासून, मुक्त झालेल्या गुलामांनीही असे तुकडे घेतले होते. इतिहासकार त्याला धाकटं मोर्सेलमाँ म्हणतात आणि याला थोरलं. या खेपेचे गिऱ्हाईक होते गिरमिटिये, म्हणजे करारानं आणलेले भारतीय मजूर. त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठीही होते. मुकादम, म्हणजे तिथला सिरदार, मोठा तुकडा घेऊन त्याचे बारीक तुकडे आपल्याच माणसांना विकी.

मळेवाल्यांची दानत यात शोधू नये. नकोशी जमीन देऊन हाती रोख पैसा येत होता आणि तिच्यावरचा ऊस गाळायला त्यांच्याच कारखान्यात येत होता. तरी 1920 च्या सुमारास उसाखालच्या जमिनीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग भारतीय वंशाच्या लोकांकडे होता. वाटणीच्या लचांडावर शहाण्या गोऱ्या घराण्यांनी तोडगा काढला तो वेगळाच: जमीन कंपनीच्या नावावर आणि वारसांना फक्त शेअर. 1968 मध्ये युनियन जॅक उतरला, तेव्हाही मोठे मळे अशा कंपन्यांकडे शाबूत होते.

प्लॉट पाडायच्या परवानगीसाठी 1990 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. वारसाहक्काचा फ्रेंच कायदा मात्र अजून आहे, आणि सिरदारांच्या पणतवंडांनाही तोच लागू आहे. फक्त आता वाटणी असते एखाद्या आर्पांची, म्हणजे आपल्या जेमतेम 42 गुंठ्यांची.